एकेचाळीस शून्यं

आमच्या गल्लीत सेतुमाधवरावांना सगळे 'फिजिक्स सर' म्हणतात. गल्ली तंजावरच्या राजवाड्यामागची, घरं जुन्या मराठी माणसांची, आणि आता निम्म्या दारांवर भाडेकरूंच्या पाट्या. मी त्यांना अण्णा म्हणते. ते माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र, आणि मी कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा हजेरीपटापासून कॅन्टीनच्या कॉफीपर्यंत सगळं दाखवणारे तेच. माणूस सरळ, कडक आणि भयंकर गर्विष्ठ. या तिन्ही गोष्टी मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

अण्णांनी एका मुलीचं नाव चारचौघांत घालवलं होतं. पापनाशमच्या भीमसेनरावांची मुलगी, विनुता. चूक तिची नव्हती, त्यांची स्वतःची होती, हे त्यांना दहा वर्षांनी कळलं. घालवलेलं नाव परत देता येतं का, आणि द्यायचं ते कुणाच्या हाती, एवढीच ही हकिकत आहे. ती सांगण्याआधी थोडं स्फटिकांबद्दल सांगावं लागेल. घाबरू नका, बेरीज येत असली की पुरे.

स्फटिकात रेणू रांगेनं बसलेले असतात, वाफ्यात लावणीची रोपं बसवावीत तसे. ही मांडणी सरकवून, फिरवून किंवा उलटवून पुन्हा जशीच्या तशी दिसते का, हे पाहणं म्हणजे सममिती पाहणं. ज्या ज्या हालचालींनी मांडणीत काही बदलल्याचं दिसत नाही, त्या सगळ्या हालचालींचा मिळून एक गट होतो. त्यातल्या दोन एकापाठोपाठ केल्या तरी उत्तर त्याच गटात राहतं, आणि केलेली प्रत्येक हालचाल मागे घेता येते. आम्ही गणितवाले हे गट कागदावर हाताळतो, अण्णांच्या खात्यातली माणसं ते चिमटीत धरून भिंगाखाली बघतात. स्फटिकांसाठी असे गट मोजून दोनशे तीस. सगळ्या जगातले मिठाचे, साखरेचे, हिऱ्याचे स्फटिक या दोनशे तिसांत कुठेतरी बसतात, आणि प्रत्येक गटाला क्रमांक दिलेला आहे.

पहिल्या क्रमांकात सममिती जवळजवळ नसतेच, मांडणी फक्त सरकवता येते. दुसऱ्या क्रमांकात एकच गोष्ट वाढते. मांडणीत एक बिंदू असा असतो की त्याच्या अलीकडचा प्रत्येक अणू त्यातून ओवून पलीकडे तितक्याच अंतरावर नेला, तरी सगळं तसंच राहतं. त्याला केंद्र म्हणू. नमस्काराला हात जोडा, मग तळवे जुळलेलेच ठेवून डावा हात उलटा करून त्याची बोटं जमिनीकडे करा. उजव्या आणि डाव्या हाताचं आता जे नातं झालं, ते केंद्राच्या दोन बाजूंच्या रेणूंचं असतं.

या केंद्राचा भौतिकशास्त्रात मोठा दरारा आहे. काही स्फटिकांवर डोळ्यांना न दिसणारा लेझरचा झोत टाकला, की आतून हिरवा प्रकाश बाहेर येतो. पण स्फटिकात केंद्र असेल तर तो येत नाही. एका दिशेनं जे घडतं तेच नेमकं उलट दिशेनंही घडतं, दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात, आणि हातात शून्य उरतं. स्फटिक कितीही शुद्ध वाढवा, कितीही मोठा वाढवा, काही उपयोग नाही. आमच्या भागातल्या कॉलेजांत असा हिरवा प्रकाश देणारे स्फटिक शोधण्याचं वेड गेली तीस वर्षं आहे, कारण त्याला बीकर, पाणी, मीठमसाला आणि धीर यापलीकडे फारसं काही लागत नाही.

अण्णांनी १९९३ साली असा एक रंगहीन स्फटिक वाढवला. त्याची क्ष-किरणांची मोजमापं ते चेन्नईला जाऊन कुणाच्या तरी यंत्रावर घेऊन आले आणि दोन वर्षं आकडेमोड करत बसले. स्फटिकाच्या सर्वांत लहान खणात त्यांना दोन रेणू सापडले. दोघांच्या मापांत थोडाथोडा फरक होता. दोन वेगळे रेणू म्हणजे केंद्र नाही, केंद्र नाही म्हणजे गट क्रमांक एक, आणि गट क्रमांक एक म्हणजे हिरवा प्रकाश यायलाच हवा. असा त्यांचा निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. आम्ही स्टाफरूममध्ये 'अण्णांचा पहिला नंबर आला' म्हणून चिडवायचो, आणि ते मिशीतल्या मिशीत हसायचे. आयुष्यात त्यांनी छापलेला तो एकच निबंध. लेझर मात्र तेव्हा त्यांना मिळाला नाही, म्हणून प्रकाश बघायचा राहून गेला.

तो बघायला २००९ साली विनुता आली. डॉक्टरेटसाठी अण्णांनी घेतलेली ती पहिली आणि शेवटची विद्यार्थिनी. रोज सकाळच्या पॅसेंजरने पापनाशमहून यायची, डब्यात ताकभात आणि नार्तंगाईचं लोणचं. बीकरमध्ये द्रावण करायचं, त्यावर टाचणीने भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि पाणी हळूहळू उडून जाण्याची वाट बघायची, असं तिचं काम. त्या वर्षांत आमच्याकडे वीज दिवसातून चार-पाच तास जायची. वीज गेली की द्रावणाचं तापमान घसरायचं आणि महिनाभराचा स्फटिक धुरकट व्हायचा. विनुता ओल्या गोणपाटाने बीकरचं भांडं गुंडाळून तिथेच बसून राहायची. तिच्यासारखे स्वच्छ स्फटिक आमच्या कॉलेजात कुणी वाढवलेले मी पाहिले नाहीत, आणि हे मी तेव्हाही म्हणत होते, पण हळू आवाजात.

पुरेसे झाले की ती ते घेऊन बंगळूरला जायची. तिथे त्यांची पूड करून बारीक काचनळीत भरायची आणि लेझरपुढे ठेवायची. हिरवा प्रकाश शून्य. परत यायची, नवी वाढ, पुन्हा बंगळूर, पुन्हा शून्य. तीन वर्षांत एकेचाळीस वेळा तिने मोजलं आणि एकेचाळीस वेळा वहीत शून्य लिहिलं.

अण्णा आधी समजूत घालायचे, मग चिडायला लागले. "शुद्धता कमी पडते. तुझं लक्ष कोठें असतें?" एकदा विनुताने धीर करून विचारलं. मी तिथेच कपाटातून खडू घेत होते.

"सर, क्ष-किरणांचें माप पुन्हां एकदां घेऊं का? गट तपासून बघूं."

"तें सिद्ध झालेलें आहे. छापलेलें आहे." अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण त्यानंतर तिने विषय काढला नाही.

मग २०१२ चं नवरात्र आलं. भीमसेनराव म्हणजे कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले, ताठ मानेचे गृहस्थ. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी पापनाशमभर सांगून ठेवलेलं. त्यांच्या घरी अष्टमीच्या जेवणाला दरवर्षी चाळीसेक पानं असत आणि सगळे नातलग जमत. त्या वर्षी अण्णांना आणि मला आमंत्रण होतं. रसमभात चालू असताना भीमसेनरावांनी हौसेने विचारलं, "सर, आमच्या विनुताचा प्रबंध कधीं?"

अण्णांनी पानावरून मान वर केली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "भीमसेनराव, खरें सांगूं? मुलीचा हात कच्चा आहे. हें काम तिच्यानें व्हायचें नाहीं. तुम्ही लग्नाचें बघा."

विनुता वाढत होती. तिच्या हातात तुपाचं भांडं होतं. ती पुढच्या पानावर गेली, तूप वाढलं, त्याच्या पुढच्या पानावर गेली. भीमसेनरावांनी "सरी" एवढंच म्हटलं. ठीक आहे म्हणायला आम्ही तमिळचा हाच शब्द वापरतो. मला सगळं ठाऊक होतं, मुलीची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि मी मूग गिळून बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

नवरात्र संपल्यावर विनुता आलीच नाही. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, तेही पापनाशमलाच, आणि ती तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. अण्णा २०१४ मध्ये निवृत्त झाले. २०१९ मध्ये भीमसेनराव गेले. मुलीच्या शिक्षणाचा विषय त्यांनी पुन्हा घरात काढला नाही, असं नंतर कळलं.

२०२२ च्या जानेवारीत, माझ्या निवृत्तीच्या वर्षात, एम.एस्सी.च्या मुलींना मी गटांचा शेवटचा धडा शिकवत होते. गट क्रमांक एकचं उदाहरण हवं होतं. ते तसे दुर्मीळ, मग घरचंच का नको, म्हणून अण्णांकडून त्यांचा निबंध मागून आणला. मागच्या पानावर दोन्ही रेणूंच्या अणूंची ठिकाणं दिलेली होती, प्रत्येक अणूला तीन आकडे. अण्णांनी पहिल्या रेणूतल्या गंधकाच्या अणूला शून्य धरून तिथून सगळं मोजलेलं. मी ते आकडे संगणकावर भरत बसले. भरता भरता, केवळ सवयीने, पहिल्या रेणूतला अणू आणि दुसऱ्यातला त्याचा जोडीदार यांच्या आकड्यांची बेरीज केली. ०.४१२ आली. पुढच्या जोडीची ०.४११. त्यापुढची ०.४१३. मी खुर्ची पुढे ओढली. एकोणीस जोड्या होत्या, एकोणिसांची बेरीज तीच. दुसऱ्या स्तंभातही तसंच, तिसऱ्यातही तसंच.

बेरीज सगळीकडे सारखी, म्हणजे तिच्या निम्म्यावर एक बिंदू आहे आणि प्रत्येक जोडी त्याच्या दोन बाजूंना समान अंतरावर बसली आहे. केंद्र होतं. गट क्रमांक दोन. दोन रेणू वेगळे नव्हतेच. एकाच रेणूला उलटवून दुसरा मिळत होता. आणि मापांतला तो थोडाथोडा फरक? जुळ्यांना परके समजून आकडेमोड केली की आकडेमोडच त्यांच्यात फरक पाडते, हे या विद्येतल्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. तरी ही चूक चांगल्या चांगल्यांच्या हातून झालेली आहे. अण्णांनी शून्य गंधकावर ठेवलं म्हणून ती बेरीज आडवळणाची आली आणि पंचवीस वर्षं कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. शून्य केंद्रावर असतं तर एकाच आकड्यापुढे अधिक आणि उणे दिसलं असतं आणि शाळकरी मुलीनेही ओळखलं असतं.

मला आनंद झाला नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते तुपाचं भांडं आलं.

संध्याकाळी कागद घेऊन गेले. अण्णा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी पहिल्या पाच-सहा बेरजा वाचल्या, मग चष्मा काढला.

"तूं गणितवाली. तुला मोजमापांतलें काय समजतें?"

"अण्णा, बेरीज समजते."

"जा तूं," म्हणाले. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. समोरासमोर आलो तर मान वळवायचे. मीही हट्टी, त्यांच्या दारावरून मुद्दाम जायची.

नवव्या दिवशी सकाळी स्वतः आले. दाढी वाढलेली. खिशातून घडी केलेले कागद काढले, सगळी आकडेमोड त्यांनी हाताने नव्याने केली होती. केंद्र धरलं की निम्म्या आकड्यांत काम भागत होतं आणि उत्तर मोजमापांशी आधीपेक्षा जास्त जुळत होतं. हे सगळं त्यांनी मला शांतपणे समजावलं, जणू शोध त्यांनीच लावला. मग कागदांची पुन्हा घडी घातली.

"वसुमती, त्या पोरीनें एकेचाळीस वेळां बरोबर मोजलें."

"हो."

"शून्यच यायचें होतें. दुसरें कांहींही आलें असतें तर ती चुकली असती." एवढं बोलून ते माझ्या दारातल्या पायरीवर बसले. सत्तरीला टेकलेला तो माणूस, आणि मला त्याचा राग धरवेना. मला त्यांच्यासाठी रडू आलं, पण विनुतासाठी जास्त.

मी त्यांना सांगितलं की पत्र लिहून भागणार नाही. दोन दिवसांनी आम्ही बसने पापनाशमला गेलो. विनुता ओसरीवर शाळेचे पेपर तपासत होती. आम्हाला बघून उठली, पाणी आणलं, अण्णांना वाकून नमस्कारही केला. अण्णांनी पाणी बाजूला ठेवलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी दुरुस्तीचा निबंध लिहिला आहे. तुझीं एकेचाळीस मापें हाच मोठा पुरावा. त्यावर पहिलें नांव तुझें असेल. तुझी सही पाहिजे."

विनुताने लाल पेनाला टोपण लावलं.

"मी विचारलें होतें, सर. गट तपासूं म्हणून."

"होय. विचारलें होतेंस."

"घरीं आल्यावर मी वही काढून बघायचें, कोठें चुकलें म्हणून. लग्नानंतरही दोन वर्षें बघत होतें. मग वही माळ्यावर टाकली." तिचा आवाज स्थिर होता. "सही करतें. पण सर, तो निबंध पापनाशमांत कोण वाचणार? अप्पा वाचणार होते का? तुम्ही जेथें बोललांत तेथें येऊन बोला. त्यांच्या तिथीला अस्के येतात. त्या दिवशीं पंगतीला जे होते, ते अस्के."

अप्पा म्हणजे भीमसेनराव, अस्के म्हणजे सगळे. अण्णांनी होकारार्थी मान हलवली. निबंध त्यांनी त्याच आठवड्यात पाठवला आणि पाच महिन्यांनी तो छापूनही आला, दोन पानं, पहिलं नाव विनुताचं. त्याबद्दल त्यांना कुणी वाईट बोललं नाही. एका परदेशी संपादकाने उलट आभार मानले. निबंध सोपा होता. तिथी अवघड होती, आणि ती पुरटाशी महिन्यात, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, यायची होती. मधल्या काळात त्यांनी दोनदा मला विचारलं, "नाहीं गेलों तर?" मी दोन्ही वेळा त्यांना तिथीची तारीख सांगितली.

पण त्या दिवशी अण्णा पापनाशमला गेले, सोबत मी होते. श्राद्ध उरकून ब्राह्मण उठले, घरच्यांची जेवणं झाली, आणि माणसं ओसरीत, माजघरात जिथे जागा मिळेल तिथे टेकली. भिंतीशी पाटावर भीमसेनरावांचा फोटो, त्याला तुळशीची माळ. विनुताची आई, राजमबाई, फोटोजवळ बसल्या होत्या. अण्णा जेवले नव्हते. बोलल्याशिवाय जेवणार नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. ते मध्ये येऊन उभे राहिले.

"दहा वर्षांपूर्वीं ह्याच घरांत मी बोललों होतों, विनुताचा हात कच्चा आहे म्हणून. तें खोटें होतें. तेव्हां मला ठाऊक नव्हतें, पण तपासायला सांगितलें तरी मी तपासलें नाहीं."

मग त्यांनी दोन हात जोडून, एक उलटा करून, केंद्र म्हणजे काय ते दाखवलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. भीमसेनरावांचे धाकटे भाऊ रघुनाथराव पुढे सरकले.

"म्हणजे तो हिरवा उजेड पडायचाच नव्हता?"

"नव्हता. कोणीही गेला असता तरी."

"मग पोरीनें काय करायचें होतें?"

"तिनें केलें तेंच. बघायचें, आणि जें दिसलें तें लिहायचें. तिच्या जागीं दुसऱ्या कोणी ओढूनताणून उजेड दिसला म्हणून लिहिलें असतें. तिनें एकदांही लिहिलें नाहीं."

विनुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. राजमबाईंनी इतका वेळ मान वर केली नव्हती, ती आता केली.

"पोर बरोबर होती?"

"बरोबर होती, वहिनी. मी चुकलों."

राजमबाई थोडं बाजूला सरकल्या, म्हणजे अण्णा आणि फोटो यांच्यामध्ये कुणी राहिलं नाही.

"इकडे वळून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्यानें सांगा. त्यांस शेवटीं शेवटीं ऐकूं येत नव्हतें."

अण्णा वळले. सगळ्या घरभर ऐकू गेलं. "भीमसेनराव, तुमची मुलगी चुकली नव्हती."